एका अटीवर उभे राहिलेले रुग्णालय
परळचे केईएम रुग्णालय आणि शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय : 1926 ते 2026

देणगी देणारा बहुधा नावाची अट घालतो. शेठ गोवर्धनदास सुंदरदास यांच्या मालमत्तेच्या विश्वस्तांनी मुंबई महापालिकेला वैद्यकीय महाविद्यालयासाठी मोठी रक्कम देऊ केली, तेव्हा नाव त्यांनीही मागितले; पण जोडीला घातलेली दुसरी अट नावापेक्षा वजनदार होती. या महाविद्यालयात शिकवणारे सगळे अध्यापक योग्य पात्रतेचे आणि सरकारी नोकरीत नसलेले भारतीयच असावेत, अशी ती अट. आज वाचताना तिच्यात काही विशेष वाटणार नाही. त्या काळात मात्र ती सरळसरळ राजकीय अट होती आणि महापालिकेने ती मान्य केली. या संस्थेचा शंभर वर्षांचा इतिहास तिथून सुरू होतो.

भायखळ्याचे ग्रँट मेडिकल कॉलेज 1845 पासून चालू होते, जे. जे. रुग्णालय त्याला जोडलेले. भाऊ दाजी लाड तिथल्या पहिल्या तुकडीतले. मुंबईत भारतीय डॉक्टरांची वाण नव्हती. पण प्राध्यापकाची खुर्ची बहुतांशी इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या अधिकाऱ्याची असे, आणि ती सेवा मुळात लष्करासाठी उभारलेली. लंडनहून मोठ्या पदव्या घेऊन परतलेला डॉक्टर गिरगावात किंवा काळबादेवीला दवाखाना थाटू शके. रुग्णालयातला वॉर्ड स्वतःच्या जबाबदारीवर चालवणे आणि विद्यार्थी घडवणे त्याच्या वाट्याला क्वचितच येई. असहकाराच्या लाटेत 1921 साली नॅशनल मेडिकल कॉलेज निघाले, तेच पुढचे टोपीवाला नॅशनल मेडिकल कॉलेज आणि नायर रुग्णालय. परळची संस्था त्याच हवेत जन्मली. मात्र तिच्या पाठीशी शहराची तिजोरी होती, हा तिचा वेगळेपणा.

रुग्णालयाला नाव दिले गेले ते राजा सातव्या एडवर्डचे : किंग एडवर्ड मेमोरियल, म्हणजेच केईएम. 1910 साली तो वारल्यावर त्याच्या स्मारकासाठी मुंबईत निधी जमला होता आणि स्मारक म्हणून रुग्णालय बांधायचे ठरले. राजाच्या नावाचे रुग्णालय आणि त्याला जोडून सरकारी नोकराला मज्जाव करणारे महाविद्यालय, असा हा जोड 1926 च्या जानेवारीत परळला उभा राहिला. इमारतीचा आराखडा जॉर्ज विटेट यांचा. गेटवे ऑफ इंडिया आणि म्युझियमही त्यांचेच. पण मुंबईकराच्या आयुष्यात त्यांची कुठली वास्तू सर्वांत जास्त वेळा आली असेल, तर ती परळची, असे मी म्हणेन. गेटवे पाहायला माणूस एकदा-दोनदा जातो. केईएममध्ये त्याला घरच्या कुणासाठी तरी पुन्हा पुन्हा जावे लागते.

परळ निवडण्यालाही कारण होते. 1896 च्या प्लेगने मुंबईला धडा शिकवला होता : रोग गिरणगावातल्या कोंदट खोल्यांत वाढला की मलबार हिलवरची माणसेही शहर सोडून पळतात. प्लेगवरची लस करणाऱ्या हाफकिनला परळचा जुना गव्हर्नरचा बंगला प्रयोगशाळेसाठी मिळाला तो 1899 साली. भोवती परळ, लालबाग, शिवडी, लोअर परळ असा गिरण्यांचा पट्टा पसरलेला. एका खोलीत दोन बिऱ्हाडे, खाणावळीवर जेवणारे आणि पाळीपाळीने झोपणारे कोकणातले, घाटावरचे पुरुष, कामावर जाताना मूल अफूने निजवणाऱ्या बाया. अशा वस्तीत मोठे रुग्णालय चालत जाण्याच्या अंतरावर असणे हीच अर्धी मदत होती. औषध फुकट मिळाले तरी भायखळ्यापर्यंत जाण्यात पाळी बुडते आणि पाळी बुडली की पगार कापला जातो, हे गिरणी कामगाराचे गणित होते. त्याच सुमाराला शेजारी नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह उघडले, 1929 साली मुलांसाठी बाई जेरबाई वाडिया रुग्णालय आणि 1941 साली टाटा मेमोरियल. गिरण्यांचे परळ हळूहळू रुग्णालयांचेही परळ झाले.

पहिले अधिष्ठाता डॉ. जीवराज मेहता. अमरेलीचा हा मुलगा ग्रँट कॉलेजात शिकला आणि लंडनला एम. डी. झाला. 1914 साली गांधीजी लंडनमध्ये आजारी पडले तेव्हा त्यांच्यावर उपचार करणारा तरुण डॉक्टर हाच. परळची धुरा त्यांनी 1925 पासून 1942 पर्यंत सांभाळली, आणि मधल्या काळात स्वातंत्र्यलढ्यासाठी तुरुंगवासही पत्करला. पुढे 1960 साली ते गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले, ही त्यांची ओळख पुस्तकांत ठळक असते. आमच्या दृष्टीने त्यांची खरी कामगिरी ही की, भारतीय डॉक्टर स्वतःच्या हिमतीवर अव्वल दर्जाचे रुग्णालय आणि महाविद्यालय चालवू शकत नाहीत, हे म्हणण्याची कुणाला सोय त्यांनी ठेवली नाही.

हे जमले कसे, याचे उत्तर 'ऑनररी' या पदात आहे. गिरगाव, ऑपेरा हाउस, चौपाटी या भागात ज्यांच्या कन्सल्टिंग रूमबाहेर श्रीमंतांच्या मोटारी उभ्या असत, ते शल्यचिकित्सक आणि फिजिशियन सकाळी परळला येत. मानधन नाममात्र. पण वॉर्ड त्यांचा, युनिट त्यांचे, आणि राउंडला मागे विद्यार्थ्यांचा घोळका. डॉ. ए. व्ही. बाळिगा, डॉ. बी. एन. पुरंदरे ही त्या परंपरेतली मोठी नावे. संध्याकाळी गिरगावात भरपूर फी देऊन ज्यांचा सल्ला घ्यावा लागे, त्यांचाच हात सकाळी डिलाइल रोडच्या साचेवाल्याच्या पोटावर असे. या पद्धतीत दोषही होते. ऑनररींची वेळ आणि रुग्णाची गरज नेहमी जुळत नसे, आणि पुढे पूर्णवेळ अध्यापकांची पद्धत आली ती योग्यच झाली. तरीही मुंबईत उत्तम वैद्यकी आणि गरीब रोगी यांची गाठ नियमाने घालून देण्याचे काम आधी ऑनररींनी केले, याची नोंद इथे कृतज्ञतेने करायला हवी.

भाषेचा भाग तर कागदोपत्री कुठेच येत नाही. मालवणीत, सातारी बोलीत, गुजरातीत, दखनीत आपले दुखणे सांगणाऱ्याला समोरच्या डॉक्टरशी बोलायला दुभाषा लागत नव्हता. भारतीय अध्यापकांच्या अटीचा हा लाभ विश्वस्तांच्या मनात होता की नाही, सांगता येत नाही; मिळाला मात्र तो रोग्यालाच.

या संस्थेने कुठले आजार अभ्यासले हे पाहिले की तिचा शेजार कळतो. संधिवाताच्या तापाने हृदयाच्या झडपा बिघडण्याचा रोग दाटीवाटीच्या वस्तीतला. घसा दुखला म्हणून कुणी डॉक्टरकडे जात नाही. त्यातून ताप येतो, सांधे सुजतात, उतरतात, आणि काही वर्षांनी विशीतल्या पोरीला जिना चढताना धाप लागते. चाळीत तिसऱ्या माळ्यावर राहणाऱ्या कुटुंबांत हे दुखणे फार होते. डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी केईएममध्ये हृदयशस्त्रक्रियेचा विभाग बांधला, तो या रोग्यांच्या रांगा समोर असताना. फेब्रुवारी 1968 मध्ये, केपटाउनच्या बर्नार्ड यांच्या पहिल्या हृदयारोपणानंतर अवघ्या अडीच महिन्यांत, सेन यांनी परळला भारतातले पहिले हृदयारोपण केले. रुग्ण काही तासच जगला. त्या वर्षी जगात कुठेच या शस्त्रक्रियेचे निकाल चांगले नव्हते. शरीर परके हृदय स्वीकारत नसे आणि त्यावरची परिणामकारक औषधे पुढे बऱ्याच वर्षांनी आली. लक्षात ठेवायचे ते हे की, जगातल्या मोजक्या शल्यचिकित्सकांनी हात घातलेली शस्त्रक्रिया एका महापालिकेच्या रुग्णालयात, महापालिकेच्या पगारी परिचारिकांच्या साहाय्याने झाली. नंतर हे आरोपण खासगी रुग्णालयांचे आणि लाखांच्या खर्चाचे काम झाले. जुलै 2024 मध्ये केईएमने ते पुन्हा केले आणि यशस्वी केले. मधली छप्पन्न वर्षे लागायला नको होती, असे माझे स्पष्ट मत आहे.

कापसाच्या धुळीने गिरणी कामगारांना जडणारा फुफ्फुसाचा विकार, बिसिनोसिस, याच्यावर छातीच्या विकारांच्या विभागाने काम केले. डॉ. एस. आर. कामत यांनी मुंबईच्या दूषित हवेचा माणसाच्या फुफ्फुसावर होणारा परिणाम सत्तरच्या दशकातच अभ्यासायला घेतला. त्यात परळची वस्ती होती. 'दमा' म्हणून खोकत राहिलेल्या कामगाराच्या दुखण्याला त्याच्या खात्याशी, साच्याशी जोडून दाखवणे हे संशोधन होते, आणि न्यायही होता. डॉ. शरदिनी डहाणूकरांनी इथे औषधशास्त्राच्या कसोट्या लावून आयुर्वेदातली औषधे तपासली. आज लाखो रुपये घेऊन होणाऱ्या टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचाराचे आपल्याकडचे पहिले शास्त्रीय नोंद असलेले बाळ इथलेच : 6 ऑगस्ट 1986 रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या देखरेखीखाली केईएममध्ये ते बाळ जन्मले. परळच्याच प्रजनन संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ त्यात बरोबरीने होते. 1955 पासून इथल्या अध्यापकांची स्टाफ सोसायटी 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन' चालवते आहे. डॉ. रवी बापट यांनी आपल्या आठवणींच्या पुस्तकाला 'वॉर्ड नं. पाच, केईएम' हे नाव दिले, त्यावरून इथल्या माणसाचा जीव कुठे गुंतलेला असतो हे समजते.

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. त्याचे पुढारी डॉ. दत्ता सामंत हे याच महाविद्यालयातून एम. बी. बी. एस. झालेले. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले आणि त्यांतले असंख्य पुन्हा कामावर गेलेच नाहीत. गिरणीबरोबर पगार गेला हे सगळ्यांनी लिहिले; कामगार विमा योजनेचे कार्डही गेले, हे फार थोड्यांनी. परळचे महात्मा गांधी स्मारक रुग्णालय विमा कामगारांसाठी. नोकरी सुटलेल्याला तिथला आधार तुटला. चाळिशी-पन्नाशीतला, दमा आणि रक्तदाब बरोबर घेऊन घरी बसलेला तो माणूस मग कुठे गेला? आचार्य दोंदे मार्गावरून चालत केईएमला आला. पुढे गिरण्यांच्या जागेवर मनोरे आले, मॉल आले, त्यांच्याबरोबर पंचतारांकित रुग्णालयेही आली. जुन्या चाळीतल्या माणसाला त्यांची पायरी चढवत नाही. त्याचा नंबर अजून केईएमच्या खिडकीवरच लागतो.

परिचारिकांविषयी लिहिताना अरुणा शानबाग यांचे नाव टाळता येत नाही, टाळूही नये. 27 नोव्हेंबर 1973 रोजी याच आवारात कामावर असताना या तरुण परिचारिकेवर क्रूर अत्याचार झाला. त्या पुन्हा शुद्धीवर म्हणाव्या अशा आल्या नाहीत. 18 मे 2015 रोजी त्या गेल्या. मधली जवळजवळ बेचाळीस वर्षे त्यांना सांभाळले ते वॉर्डातल्या सिस्टरांनी. ज्यांनी त्यांना कधी बोलताना पाहिले नव्हते, ज्या त्या घटनेनंतर जन्मल्या होत्या, अशा मुलीही ड्यूटीवर आल्या की आधी त्यांची खोली गाठत. सर्वोच्च न्यायालयात त्यांच्या दयामरणाचा अर्ज आला तेव्हा परिचारिकांनी ठाम विरोध केला. 7 मार्च 2011 च्या निकालात न्यायालयाने अरुणाताईंच्या वतीने बोलण्याचा अधिकार केईएमच्या कर्मचाऱ्यांचा मानला. इतकी वर्षे अंथरुणाला खिळलेल्या त्या देहावर एक शय्याव्रण नव्हता. दयामरणाच्या प्रश्नावर वाचकाचे मत काहीही असो, रुग्णसेवा म्हणजे काय हे याहून स्पष्ट कुणी दाखवलेले नाही. आणि ज्या संस्थेत तिच्याच परिचारिकेवर असा प्रसंग ओढवला, त्या संस्थेला सुरक्षिततेचा प्रश्न कायमचा सुटला असे समजण्याचा हक्क नाही. रात्रपाळीच्या निवासी डॉक्टर आणि सिस्टर आजही तो विचारतात.

शहरावर घाला आला की कॅज्युअल्टीचे दार भरते. 12 मार्च 1993 चे बॉम्बस्फोट झाले तेव्हा दादरचे प्लाझा आणि वरळीचे सेंचुरी बाजार हाकेच्या अंतरावर होते. 11 जुलै 2006 चे लोकलमधले स्फोट. 29 सप्टेंबर 2017 ला एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरी झाली, 23 जण गेले. जखमींना माणसांनी हातावर, टॅक्सीत घालून इथे आणले. पावसाळ्यात जवळच्या हिंदमाता चौकात कमरेएवढे पाणी असते तेव्हाही शिफ्ट चुकवता येत नाही. कोविडच्या साथीत तर या रुग्णालयाने स्वतःचीही माणसे गमावली.

आता पैशाकडे वळतो, कारण परवडणाऱ्या उपचारांचा इतिहास पैशाचा हिशेब टाळून लिहिता येत नाही. सुमारे 1800 खाटा, वर्षाला अंदाजे 18 लाख बाह्यरुग्ण आणि 85 हजार आंतररुग्ण, एवढा हा पसारा. बाह्यरुग्ण विभागातला केसपेपर 10 रुपयांना निघतो. उरलेला खर्च कोण भरतो? बरेच जण समजतात तसा हा धर्मादाय नाही. मालमत्ता कर देणारा दादरचा घरमालक तो भरतो. 2017 पर्यंत दहिसर, मुलुंड, मानखुर्दच्या नाक्यांवर जकात भरून शहरात येणारा प्रत्येक ट्रक तो भरत होता, म्हणजे त्या ट्रकमधली साखर आणि कापड विकत घेणारा प्रत्येक मुंबईकर, चाळीतला आणि झोपडीतलाही. जीएसटी आल्यावर जकात गेली आणि तिच्या जागी राज्याकडून भरपाई येऊ लागली. केसपेपरची खिडकी उपकार करत नाही. आधीच भरलेल्या पैशांची सेवा तिथे मिळते. देशातल्या फारच थोड्या शहरांनी आपल्या स्थानिक करांतून वैद्यकीय महाविद्यालये चालवली. मुंबई महापालिकेने परळ, नायर, शीव आणि कूपर अशी चार सांभाळली, आणि पहिले धाडस परळचे.

तरीही गरिबाचा पैसा जातोच. औषध साठ्यात नसले की 'बाहेरून आणा' अशी चिठ्ठी हातात पडते. एमआरआयची तारीख लांबची मिळते आणि घाबरलेला मुलगा कर्ज काढून बाहेर तपासणी करतो. हाडातली पट्टी, हृदयातला स्टेंट, कृत्रिम सांधा यांचे पैसे वेगळे. इथे समाजसेवा विभागाची टेबले कामाला येतात. रेशनकार्ड पाहायचे, महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसते का ते बघायचे, नाही बसले तर पुअर बॉक्स फंड, सिद्धिविनायक न्यास, टाटांचे ट्रस्ट अशी पत्रे लिहायची. वैद्यकीय समाजसेवकाचे नाव कुठल्याही शस्त्रक्रियेच्या बातमीत येत नाही, पण त्याने जुळवलेल्या कागदांशिवाय त्यांतल्या कित्येक शस्त्रक्रिया झाल्याच नसत्या.

आणि रोग्याबरोबर आलेला माणूस? कणकवली, कर्जत, जळगाव, गोरखपूर कुठूनही दादरला उतरून तो इथे पोचतो आणि रात्री फुटपाथवर पथारी टाकतो. परळमधल्या नाना पालकर स्मृती समितीने अशा नातेवाइकांना आणि रुग्णांना माफक दरात निवारा दिला. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत टाटाचे कर्करुग्ण महिनोन्महिने राहतात. लालबागच्या राजाच्या मंडळाने गणपतीच्या दानातून डायलिसिस केंद्र चालवले आहे. रुग्णालयाच्या भिंतीबाहेर शेजाऱ्यांनी उभारलेली ही व्यवस्था नसती तर भिंतीच्या आतले उपचार अर्ध्या लोकांना घेताच आले नसते.

बाहेरगावच्या रोग्यांकडून जास्त पैसे घ्यावेत, अशी सूचना अधूनमधून पुढे येते. ती मला पटत नाही. गिरणगाव बाहेरगावच्या माणसांनीच वसवले, आणि आजही पालघरच्या किंवा सिंधुदुर्गच्या माणसाला मेंदूच्या शस्त्रक्रियेसाठी जवळ काही असते तर त्याने रात्रभराचा प्रवास हौसेने केला नसता. गर्दीवरचा खरा उपाय दोन्ही टोकांना आहे : जिल्ह्याजिल्ह्यांत पुरेशी तज्ज्ञ रुग्णालये, आणि इथे वस्तीवस्तीत दवाखाने. साधा ताप, मधुमेहाच्या गोळ्या, जखमेची पट्टी यांसाठी परळला यावे लागू नये. महाविद्यालयाने मालाडच्या मालवणीत आरोग्य केंद्र चालवून हे फार पूर्वी दाखवले. महापालिकेने नोव्हेंबर 2022 पासून 'आपला दवाखाना' या नावाचे दवाखाने सुरू केले ते त्याच दिशेने. ते नीट चालले, तिथे डॉक्टर आणि औषध दोन्ही रोज असले, तर केईएमच्या ओपीडीत एका रोग्याला आज मिळतात त्यापेक्षा चार मिनिटे जास्त मिळतील.

शंभर वर्षांपूर्वीची अट आता आपोआप पूर्ण होते. तिची जागा घेणारी अट आता नागरिकांनी घालायची आहे. महापालिकेचा अर्थसंकल्प दर फेब्रुवारीत मांडला जातो. आपल्या नगरसेवकाला विचारा : केईएमच्या औषधांना किती रक्कम आहे, परिचारिकांची आणि तंत्रज्ञांची किती पदे रिकामी आहेत, ती केव्हा भरणार. उत्तर लेखी मागा. ज्यांना जमेल त्यांनी मे महिन्यात, कॉलेजे बंद असतात आणि रक्तपेढीत टंचाई असते तेव्हा, येऊन रक्त द्यावे. देणगी द्यायची असेल तर रुग्णालयाच्या पुअर बॉक्स फंडात द्यावी आणि रीतसर पावती घ्यावी. तो पैसा 'बाहेरून आणा' ही चिठ्ठी हातात घेऊन उभ्या असलेल्या माणसापर्यंत पोचतो.